बारा वर्षांचा पडदा

आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही वाट पाहत बसणार नाही: त्या पडद्यावर काहीच नव्हतं. झाड नाही, महाल नाही, रस्ता नाही, माणूस तर नाहीच. आणि तरी तो आमच्या गावच्या मंडईत नाटकाला लागला, लोकांनी त्याच्याकडे पाहून शिव्या दिल्या, मग नुसतं पाहिलं, आणि हे सगळं मला कोणाला तरी सांगायचंच आहे. मी गोंदियाला टायपिंगच्या क्लासला येते. इथले मास्तर म्हणतात, बोटांना सराव पाहिजे, काहीही टाइप करा. बाकीच्या मुली नोकरीचे अर्ज टाइप करतात. मी हे करून राहिली आहे. चुका होतील, होऊ द्या, थांबली तर परत सुरू होणार नाही.

आमचं गाव सालेकशाच्या बाजूला. आगगाडी ऐकू येते, दिसत नाही, मध्ये जंगल आहे. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. दिवसा बाजार, पाहुणे, पोरी माहेरी येतात, आणि रात्री गावच्या मंडळाचं नाटक. नाटकाला पडदे लागतात, आणि आमच्या मंडळाचे पडदे माझा भाऊ रंगवायचा. चार पडदे होते. जंगल, महाल, रस्ता आणि घर. राजे असो की चोर, जे काही व्हायचं ते या चार जागी. भाऊ मांजरपाट शिवून घ्यायचा, सरस उकळायचा आणि त्यात भुकटीचे रंग कालवायचा. सरस म्हणजे हाडाकातड्याचा डिंक, त्याचा वास असा की आमची मांजर घर सोडून जायची. सरस ढवळायचं काम माझं. जास्त झाला तर पडदा गुंडाळताना तडकतो, कमी झाला तर रंग झडून राजाच्या डोक्यावर पडतो. हे मला लहानपणापासून येते.

भाऊ धानाच्या रोवण्या संपता संपता गेला. ताप आला होता. चांगला होता, मग ताप होता, मग भाऊ नव्हता. मला रडू आलं नाही. मी लपवत नव्हती, खरंच आलं नाही. आत्याबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हे पोट्टी गोट्याची हाय का वं?" आणि मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मला वाटलं, असेल. जेवण केलं. वरण थोडं खारट होतं. हे मला आठवते आणि भावाचा चेहरा नीट आठवत नाही, असं ते आहे.

मग ते वर्ष लागलं. आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की वर्षभर सण करत नाहीत. पोळ्याला सगळ्या गावाचे बैल सजले, आमचे कोठ्यात उभे होते, शिंगं तशीच. गणपती शेजारी बसला. दसऱ्याला कोणी सोनं घेऊन आलं नाही. आणि मला समजेना की कोणता महिना चालू आहे. खरंच सांगते. तुम्ही कधी लक्ष दिलं का, आपण वर्ष मोजतो ते सणांनी मोजतो, पोळा झाला, दसरा आला, मंडईला इतके राहिले. ते काढून टाकले की खाली काय उरते? सकाळ, दुपार, उजेड, अंधार. एकाला एक लागून, मध्ये रेघ नाही. मी दुपारी ओसरीवर बसायची आणि मला वाटायचं ही कालचीच दुपार आहे, उचलली नाही म्हणून पडून आहे.

आता तो छापील कागद. भाऊ गेला त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात त्याच्या शाळेतल्या ड्रॉइंग मास्तरांनी त्याला एका मासिकातलं पान फाडून दिलं होतं. त्यावर एक चित्र होतं, परदेशातलं. राखाडी, त्यात मळकट पिवळा, आणि खालून वर गेलेला एक जाड काळा पट्टा. बस. भावानं मला ओसरीवर बसवून दाखवलं.

"कायचं हाय?" मी विचारलं.

"कायचंच नाही."

"मंग काऊन काढलं?"

"तेच तर पाहून रायलो ना." त्यानं कागद उलटा धरला, आडवा धरला. "पाहाय, झाड असलं का आपण म्हणतो, हं, झाड, आणि पुढं जातो. याच्यात पुढं जायलेच जागा नाही. इथंच बसा लागते." मग हसायला लागला. "मंडईत लावलं तं लोक गोटे मारतीन."

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात त्यानं जंगलाचा नवा पडदा हाती घेतला, कारण जुन्या जंगलाला उधई, म्हणजे वाळवी, लागली होती. ओसरीत टांगून वरच्या अर्ध्यात आभाळाचा पहिला हात दिला, निळा, छुईची पांढरी माती मिसळून फिकट केलेला. खालचा अर्धा कोरा. मग ताप आला.

दसऱ्यानंतर मंडळाचे लोक घरी आले. पुढे काकाजी, म्हणजे बाबूजींचे चुलतभाऊ, मंडळाचे म्होरके आणि नाटकातले राजे. सोबत एक जण, जो एरवी धानाच्या गिरणीत पोती उचलतो आणि नाटकात नायिका होतो. दंड असे की बांगड्या मधून कापून घालाव्या लागतात, पण पदर असा घेतो की बायका बघत राहतात. त्याला आम्ही पोरी नायिकाबाईच म्हणतो, तो ओ देतो.

काकाजींनी पडदा पाहिला. "आभाळ तं झालंच हाय. खाली चार झाडं ठोकली का झालं जंगल."

"ठोकन कोण?" बाबूजी म्हणाले.

"गोंद्याचा पेंटर आणू."

"तो सिनेमाचे बोर्ड रंगवते, काकाजी," नायिकाबाई म्हणाला. "झाडाले बी मिशा काढन."

"मी रंगवते," मी म्हटलं.

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. काकाजी म्हणाले, "पोरीनं पडदा रंगवला तं उद्या काम बी पोरीच करतीन का?"

"मंग माही साडी कोण नेसन?" नायिकाबाई म्हणाला, आणि सगळे हसले, आणि हसले म्हणून नाही म्हणायचं राहून गेलं. पण काकाजींनी जाता जाता बजावलं: लक्ष्मीपूजनापर्यंत जंगल झालं पाहिजे. "नाही तं गोंद्याहून भाड्यानं आणू, अन् हे कापड बोडीत नेऊन धुऊन काढू. कापड मंडळाचं हाय, घरचं नाही."

बोडी म्हणजे गावचं तळं. सरसाचा रंग पाण्यात धुतला तर निघतो, सगळा, दोन वेळा आपटलं की कापड पांढरं. आणि या कापडावर भावाचा शेवटचा हात होता. दुसरं त्याच्या हातचं काय होतं घरात? जुने पडदे मंडळाच्या खोलीत, अर्धे उधईनं खाल्लेले. फोटो नाही. मला रडू येत नव्हतं ते एक, पण हे निळं धुतलं जाऊ नये इतकं मला पक्कं समजत होतं, जसं तहान लागलेली समजते.

म्हणून मी झाडं काढायला बसली. मोहाचं झाड, सोपं, रोज पाहिलेलं. कोळसा घेतला आणि बुंधा वर न्यायचा होता भावाच्या निळ्यापर्यंत, फांद्या आभाळात जातात ना. आणि हात गेला नाही. निळ्याच्या काठाशी थांबला. दुसऱ्या दिवशी पण तसंच. मग मी बुंधा पण पुसला आणि खालच्या कोऱ्या कापडावर नुसता एक रंग दिला, पिवडी म्हणजे पिवळी माती आणि छुई, जसा त्या वेळी अंगणात उजेड होता तसा. मला वाटलं उद्या झाड काढू. उद्या परत तेच झालं आणि मी त्याच्यावर आणखी एक हात दिला, त्या दिवशी ढगाळ होतं म्हणून काजळी घालून. मग रोजच. रोज दुपारी एक हात, त्या दुपारचा. काय दिसते ते काढत नव्हती, दुपार गेली एवढंच लावत होती. आणि त्या छापील कागदाची आठवण मला तेव्हा आली, आधी नाही, आणि मी एकटीच मोठ्यानं म्हटलं, अरे, हे जागेचं चित्रच नाही! जंगल, महाल, रस्ता, हे सगळं "कुठं" सांगते. कुठं काढून टाकलं की जे उरते ते "कधी" आहे! मला इतकं सुचलं की मी उठून स्वयंपाकघरात गेली सांगायला, तिथं वहिनी तांदूळ निवडत होती, आणि तिच्याकडे पाहून मी काहीच सांगितलं नाही.

वहिनी म्हणजे भावाची बायको. ती त्या दिवसांत बोलत नव्हती. काम करायची, बोलायची नाही.

मधेच सरस संपला. गोंदियाला जाऊन आणायला कोणी मोकळं नव्हतं, लवकर येणारं हलकं धान कापणीला आलं होतं. मग मी डोकं चालवलं. आपल्याकडे तांदळाची काय कमी? पेज घट्ट असते, चिकट असते, लुगड्याला खळ करायला चालते तर रंगाला का नाही चालणार? मायनं कापणीवाल्यांसाठी मडकंभर पेज ठेवली होती, त्यातली तांब्यानं काढली, रंग कालवला, आणि छान बसला, सरसापेक्षा मऊ. मी खूश. चार दुपारी तसंच लावलं, आणि मग पडदा वाळायला मागच्या अंगणात दोरीवर टाकला आणि विहिरीवर गेली.

आली तर माय ओरडून राहिली होती, "धावा वं माय! हल्यानं नाटक खाल्लं!"

हल्या म्हणजे आमचा चिखलणीचा रेडा. कामावरच्या माणसांची पेज, त्यात मीठ असते, हे मी विसरलीच होती. तो दावं तोडून आला होता आणि खालून वर, खालून वर, डोळे मिटून पडदा चाटत होता. मी त्याला हाकललं नाही. कळशी हातात धरून उभी राहिली. त्याची जीभ रंगाच्या कुंचीएवढी रुंद. भावाच्या निळ्यापाशी गेला, तिथं सरस होता, नाक फुरफुरवलं आणि परत खाली आला. मायनं काठी घेतली तेव्हा कुठं गेला.

आणि मग मी पाहिलं. जिथं त्यानं चाटलं तिथं वरचा हात गेला होता आणि खालचा दिसत होता, कुठं त्याच्याही खालचा, कुठं कोरं कापड. आजची दुपार, कालची, परवाची, सगळ्या एकाच वेळी बाहेर. काल मागे गेला नव्हता. तिथंच होता, बाजूलाच, ढगाळ. मी इतके दिवस अशीच जगून राहिली होती आणि हे कोणाला सांगायला मला शब्द नव्हते, आणि एका रेड्यानं ते करून दाखवलं! तुम्ही हसाल. हसा. मला त्या वेळी हसू पण आलं नाही, मी पडदा दोरीवर सरळ केला आणि त्यावर परत हात दिला नाही.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी मंडळ आलं. आमच्या घरी ना रांगोळी ना दिवे, त्यामुळे त्यांनी पण चपला हळू काढल्या. मागच्या अंगणात गेले आणि पडद्यासमोर उभे राहिले.

"जंगल कोठी हाय?" काकाजींनी विचारलं.

"आलं नाही," मी म्हटलं.

"आलं नाही म्हंजे? जंगल काय पाहुणा हाय?"

"अन् हे काय, पेज सांडली?" कोणीतरी म्हणालं.

"सांडली नाही. लावली."

"हल्यानं बी हात मारला म्हणते," नायिकाबाई म्हणाला. "काकाजी, त्याले मंडळात घ्या. राजाचं काम करन, बोलायचं बी कमी हाय."

काकाजींना हसू आलं नाही. ते म्हणाले, कापड खाली काढा, बोडीवर न्या. दोघं दोरीकडे गेले. मी म्हटलं, "नका," पण माझा आवाज मलाच ऐकू आला, त्यांना नाही.

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आली. ताट खाली ठेवलं आणि पडद्याजवळ गेली, इतक्या लोकांसमोर, डोक्यावरचा पदर धरून. वरच्या निळ्यात एका जागी बोट ठेवलं.

"इथं कुंची थांबली हाय," ती म्हणाली.

मी रोज त्या पडद्यासमोर बसायची, मला ते दिसलं नव्हतं. निळ्यात एक काठ होता, फिकट, हात थांबून पुन्हा सुरू झाल्याचा.

"जेवाले हाक मारली तवा थांबले. हाताले निळं तसंच, म्या म्हटलं, धुऊन तं या. तं म्हणे, परत लावायचंच हाय." तिनं बोट एक वीत पुढं नेलं. "मंग जेवून आले अन् इथून धरलं."

दोरी सोडणारे दोघं दोरी धरून उभे.

नायिकाबाईनं घसा साफ केला. "काकाजी, दुसऱ्या अंकात तुमी बारा वर्षं वनवासाले जाता. तवा पडद्यासमोर येऊन सांगता, मंडळी, बारा वर्षं लोटली. कोणता पडदा ऱ्हायते तवा?"

"रस्त्याचा."

"रस्त्यावर बारा वर्षं कोण बसते? हा लावा ना."

"बारा वर्षं अशी दिसते का बे?"

"तं कशी दिसते, तुमी सांगा."

काकाजी पडद्याकडे पाहत राहिले, मग बाबूजींकडे. बाबूजी चहा पिऊन राहिले होते. कप खाली ठेवून म्हणाले, "धुवायचा नाही."

जंगल भाड्यानं आलं. आणि आमचा पडदा बारा वर्षांसाठी गेला, बैलबंडीत घालून, वरून धानाचं तणस टाकून. आम्ही नाटक पाहायला गेलो नाही, सुतकाच्या वर्षात जात नाहीत. मी झोपली. मला वाटलं होतं झोप लागणार नाही, पण लगेच लागली.

सकाळी नायिकाबाई आला, डोळ्यात काजळ तसंच, आणि ओसरीवर बसून सगळं सांगितलं. पडदा क्षणभरच टाकायचा होता. पण आत काकाजींची म्हातारपणाची दाढी चिकटेना. सरस लावला, डिंक लावला, दाढी गळ्यात. बाहेर पडदा पडलेला, पेटीवाला तेच तेच वाजवून राहिला.

"लोक काय म्हणत होते?" मी विचारलं.

"पयले म्हणाले, पडदा उलटा लावला बे! मंग म्हणाले, अर्धाच रंगवला! एकानं तं जोडा दाखवला. मंग थकले. करतीन काय, समोर दुसरं काहीच नाही. बसले पाहत. एक पोट्टं ओरडलं तं मागून एक म्हातारी म्हणे, चूप रे, पाहू दे."

"मंग?"

"मंग तुमचे काकाजी आले, दाढी एका कानावर. म्हणाले, मंडळी, बारा वर्षं लोटली. तं पूरं पब्लिक म्हणे, माहीत हाय! पाहिली आमी!"

माय तोंडाला पदर लावून हसली. किती दिवसांनी. मी त्याला ते परत सांगायला लावलं. मी हसली नाही, पण आतमध्ये काहीतरी जागचं हललं, जसं जड पेटी कोणीतरी एका बाजूनं उचलून पाहावी आणि खाली ठेवावी. बस तेवढंच.

पण पडदा परत आला तो खराब होऊन आला. बाहेर दव पडलेलं, मिठाच्या पेजेनं ते ओढून घेतलं, आणि मंडळानं तो तसाच ओला, मधून घडी घालून गुंडाळला. माझा रंग भावाच्या निळ्याला चिकटला. उलगडला तसे निळ्याचे पोपडे माझ्या पिवळ्यावर निघून आले आणि माझा पिवळा त्याच्या आभाळात. आणि मध्ये उघडं कापड, जागोजागी.

काकाजी स्वतः आले. दुसऱ्या गावात शंकरपट होता, बैलांच्या शर्यती, तिथं आमचं नाटक ठरलं होतं. म्हणाले, "तिथले लोक आधीच विचारून रायले, बारा वर्षांचा पडदा हाय ना? आणा लागन." मग आवाज हळू केला. "वरचं निळं भरून दे. तुले जमन. नाही म्हणशीन तं नाही, पण असा फाटका नाही लावता येत. मंग धुऊनच दुसरा करू."

म्हणजे पाहा. हात लावला नाही तर जाईल, आणि हात लावला तर ते त्याचं राहणार नाही. मी रात्रंदिवस विचार केला असं लिहायला पाहिजे, पण मी केला नाही. मी दुसऱ्या दिवशी गोंदियाहून सरस आणवला, उकळला, ढवळला. नीळ घेतली, छुई घेतली, अंदाजानं काजळी. पडदा ओसरीत टांगला. वहिनी न सांगता आली आणि रंगाची बादली धरून उभी राहिली.

कुंची निळ्यापाशी नेली. या वेळी हात थांबला नाही. पहिला फटका त्याच्या निळ्यावरून गेला आणि ओला असेपर्यंत गडद दिसला, वेगळा दिसला, माझा. मग वाळायला लागला. मी पुढच्या पोपड्याची जागा भरली, मग त्याच्या बाजूची. वहिनी ते वाळताना पाहत होती. तो जेवायला थांबला होता तिथला काठ पण अर्धा गेला होता, मी तिच्याकडे पाहिलं, तिनं मान हलवली, म्हणून तो पण भरला. मला काही वाटत नव्हतं. बोटं थंड होती, आणि निळी.

"थोडं पातळ कर," वहिनी म्हणाली. "ते पातळ लावत."

मी बादलीत पाणी घातलं.